चार्ल्स नदीच्या कांठीं : एक खोली आणि एक संगणक

बॉस्टनला जाणारा आपल्याकडील प्रवासी बहुधा तेथील बंदर, जुनीं प्रार्थनामंदिरें आणि अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचीं ठिकाणें पाहतो. चार्ल्स नदी ओलांडून पलीकडच्या केंब्रिज गांवांत गेलाच, तर हार्वर्डच्या आवारांतील पुतळ्याच्या पायाशीं उभा राहून छायाचित्र काढवितो आणि दिवेलागणीच्या आंत परत फिरतो. आम्हीं त्या गांवांत आठ दिवस काढले, आणि त्या आठ दिवसांत पाहिलें तें मुख्यतः विद्यार्थ्यांच्या राहण्याचीं घरें. प्रवासलेखास हा विषय थोडा रूक्ष वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या कुटुंबांतून एखादें मूल संगणकशास्त्र शिकावयास परदेशीं निघतें, त्या कुटुंबांत कित्येक महिने दुसरा विषयच नसतो. संगणक कोणता घ्यावा, आणि राहावें कोठें !

आमच्या थोरल्या बंधूंच्या कन्येस मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे सर्वतोमुखीं असलेली एम्. आय्. टी., या संस्थेंत प्रवेश मिळाला आणि २०२४ च्या ऑगस्टांत तिला तेथें पोंचविण्याचें काम आमच्याकडे आलें. त्यापूर्वीं पुण्यास वरील दोन्ही प्रश्नांचा खल झालाच होता. पहिल्या प्रश्नावर घरांतील पुरुषमंडळींनीं जवळजवळ तीन महिने खर्च केले. आमच्या दादांनीं तर निरनिराळ्या यंत्रांच्या गुणदोषांचा एक तक्ताच करून भिंतीवर लाविला होता. दुसऱ्या प्रश्नाचा निकाल आमच्या मातोश्रींनीं तीन मिनिटांत लाविला. “मुलींचें निराळें वसतिगृह आहे ना? मग तेंच लिहा.” दादांनीं मान डोलाविली, खोली ती खोली, रात्रीं निजण्यापुरती, असा त्यांचाही समज होता. ही विभागणी उलटी होती असें आमचें मत झालें आहे, आणि तें कसें झालें तें वाचकांपुढें ठेवावें एवढाच या लेखाचा हेतु.

प्रथम त्या स्थळाविषयीं. चार्ल्स नदी येथें इतकी रुंद व संथ आहे कीं, नवख्या माणसास ती एखादें सरोवरच वाटावी. दक्षिणेच्या तीरावर बॉस्टनचीं विटांचीं घरें, उत्तरेच्या तीरावर एम्. आय्. टी. चा पांढऱ्या दगडाचा विस्तीर्ण प्रासाद व त्याच्यावरील घुमट. मधून जो पूल जातो त्यास नांव हार्वर्डचें, पण तो उतरतो एम्. आय्. टी. च्या दारांत. या पुलाच्या पादचारी मार्गावर ठराविक अंतरानें रंगाच्या खुणा आहेत. १९५८ सालीं कांहीं विद्यार्थ्यांनीं आपल्या ऑलिव्हर स्मूट नांवाच्या पांच फूट सात इंच उंचीच्या नव्या सोबत्यास पुलावर पुनःपुनः आडवें निजवून पुलाची लांबी मोजली. ती भरली ३६४.४ स्मूट आणि वर एक कान. विहिरीची खोली परसांत सांगणाऱ्या आपल्या शेतकऱ्यास या मापाचें मुळींच नवल वाटणार नाहीं. परस म्हणजे तरी पुरुषच. गंमत अशी कीं, हेच स्मूट पुढें आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचे अध्यक्ष झाले.

आपल्या प्रांताचा या संस्थेशीं असलेला संबंध मात्र पुलावरील खुणांहून पुष्कळ जुना आहे. १८८२ सालीं पुण्याचे केशव मल्हार भट हे येथें शिकावयास आले. तेव्हां संस्था नदीच्या अलीकडे बॉस्टनमध्येंच होती आणि तिला स्वतःचीं वसतिगृहें नव्हतीं. विद्यार्थ्यानें आपली सोय आपण पाहावी असा प्रकार होता. १९१६ सालीं संस्था नदीपलीकडे आली. १९२२ सालीं शंतनुराव किर्लोस्कर व त्यांचे चुलतबंधु माधवराव असे दोघे तरुण येथें दाखल झाले. शंतनुराव १९२६ सालीं पदवी घेऊन परतले, आणि पुढचा इतिहास महाराष्ट्रास ठाऊक आहे. माधवराव मात्र क्षयानें आजारी पडले आणि त्यांचें शिक्षण अर्ध्यावर राहिलें. परदेशीं शिकणाऱ्या मुलाच्या राहण्या-जेवण्याचा, कोणी विचारपूस करणारें आहे कीं नाहीं याचा प्रश्न केवळ सोयीचा नसतो, हें आपल्याकडील वडील पिढीस अशाच उदाहरणांनीं कळलें असावें. आमच्या मातोश्रींच्या तीन मिनिटांच्या निकालामागेंही हीच भीति होती.

संस्थेच्या आंत सर्व कारभार आंकड्यांचा. इमारतींस नांवें असूनही लोक क्रमांक सांगतात, आणि विषयांसही क्रमांकच. आमच्या पुतणीला “काय शिकणार?” असें विचारलें असतां ती “सहा-तीन” असें उत्तर देई, त्याचा अर्थ संगणकशास्त्र व अभियांत्रिकी. मुख्य प्रासादांतून पूर्व-पश्चिम असा एक सरळ मार्ग जातो. त्याची लांबी २५१ मीटर असून त्याला ‘अनंत मार्ग’ अशा अर्थाचें नांव आहे. वर्षांतून दोनदां, नोव्हेंबरच्या मध्याच्या सुमारास व जानेवारीच्या अखेरीस, मावळत्या सूर्याचे किरण या संपूर्ण मार्गांतून आरपार जातात आणि तें पाहावयास विद्यार्थी भिंतींना टेकून दाटीनें उभे राहतात. कोल्हापुरास महालक्ष्मीच्या किरणोत्सवाचे दिवस अगदीं याच सुमारास येतात. एके ठिकाणीं स्थपतीनें तें योजून केलें, दुसऱ्या ठिकाणीं तें आपोआप जुळून आलें. परंतु दोन्हीकडची गर्दी व दोन्हीकडचें ढगांकडे पाहून हळहळणें सारखेंच.

आतां संगणकाविषयीं. हा विषय दादांच्या तक्त्यामुळें आम्हांस नको इतका परिचयाचा झाला आहे, तरी ज्या घरांत हा प्रश्न उद्यां उभा राहणार आहे त्यांच्यासाठीं थोडें लिहितों.

या संस्थेंत एके काळीं संगणक निवडण्याचा प्रश्नच नव्हता. १९६१ सालीं फर्नांडो कॉर्बातो यांनीं येथें अशी व्यवस्था करून दाखविली कीं, एकाच अजस्र यंत्रावर पुष्कळ माणसें एकाच वेळीं निरनिराळ्या खोल्यांत बसून काम करूं शकत. एका चुलीवर सर्व घराचा स्वयंपाक, तसाच हा प्रकार. आणि एकत्र कुटुंबांत जसें प्रत्येकास आपल्या पेटीला कुलूप हवें असतें तसें तेथेंही झालें. प्रत्येकाचा परवलीचा शब्द निराळा ठेवण्याची प्रथा संगणकाच्या जगांत याच व्यवस्थेंतून रूढ झाली. पुढें १९८३ सालीं संस्थेनें डिजिटल इक्विपमेंट व आय्. बी. एम्. या कंपन्यांच्या साहाय्यानें ‘अथेना’ नांवाची योजना हातीं घेतली. विद्यार्थ्यानें आवारांतील कोणत्याही यंत्रापुढें बसावें, आपलें नांव सांगावें, आणि आपलें सर्व काम तेथें उमटावें, असा तिचा उद्देश. हा माणूस तोच आहे कीं तोतया, हें ओळखण्यासाठीं जी पद्धति तेव्हां रचिली तिला ग्रीक पुराणांतील पाताळाच्या दारावरच्या तीन तोंडांच्या कुत्र्याचें, कर्बेरॉसचें, नांव दिलें आहे. आपल्या यमाच्या दारीं दोनच श्वान आहेत. तीच पद्धति आज जगांतील असंख्य कचेऱ्यांत चालते. वाचकांपैकीं जे कोणी सकाळीं कचेरींतल्या संगणकावर नांव घालून कामास बसतात त्यांपैकीं पुष्कळांस हा श्वानच आंत सोडतो. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठानें मात्र त्याच १९८३ सालीं निराळा मार्ग धरला व प्रत्येक नव्या विद्यार्थ्यानें स्वतःचा संगणक घेतलाच पाहिजे असा नियम केला. आज सर्वत्र हाच दुसरा मार्ग रूढ आहे, सक्ती असो वा नसो.

आमच्या घरीं दोन पक्ष होते. हिंजवडीस नोकरी करणाऱ्या आमच्या चिरंजीवांचें म्हणणें असें कीं, संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यास सर्वांत बलवान् यंत्र हवें; त्यांनीं सुचविलेलें यंत्र खेळांच्या शोकिनांसाठीं बनविलेलें, चित्रांसाठीं स्वतंत्र प्रक्रियक असलेलें, अडीच किलोचें, आणि त्याची वीज भरण्याची वीटच सुमारें पाऊण किलोची होती. दादांचा कल त्याच बाजूला. “शस्त्र घ्यावयाचें तर उत्तम घ्यावें,” असें ते म्हणत. पुतणीस हवें होतें तें सव्वा किलोचें, पंखा न वाजणारें व दिवसभर विजेशिवाय चालणारें.

तेथें गेल्यावर मुलीचें म्हणणें बरोबर ठरलें. पहिल्या दोन वर्षांत या मुलांना जे कार्यक्रम लिहावे लागतात ते बहुतेक पायथन भाषेंत असतात, आणि त्यांस लागणारी शक्ति कोणत्याही बऱ्या यंत्रांत असते. यंत्रशिक्षणासारखीं अवाढव्य कामें कोणी मांडीवर करीत नाहीं. तीं दूरच्या मोठ्या यंत्रांकडे पाठवितात आणि हातांतला संगणक नुसती खिडकी होतो. म्हणून पैसे घालावयाचे ते स्मृतीवर — सोळा गिगाबाइटांहून कमी नको, कारण ती पुढें बहुधा वाढवितां येत नाहीं — आणि चांगल्या कळफलकावर व पडद्यावर, कारण डोळे व बोटें बदलून मिळत नाहींत. एक अपवाद सांगतों. ॲपलच्या यंत्रांत २०२० पासून जे प्रक्रियक येतात ते उत्तम आहेत, परंतु विद्युत्-मंडलांच्या आंखणीचें कांहीं सॉफ्टवेअर त्या यंत्रांवर चालतच नाहीं; तें विंडोज किंवा लिनक्स यांच्यासाठींच लिहिलेलें आहे. ज्यास त्या वाटेनें जावयाचें असेल त्यानें एवढें विचारून घ्यावें. प्रयोगशाळांत यंत्रें असतातच, तेव्हां तेवढ्यावरून घरांत भांडण करूं नये.

आणि वजनाची गोष्ट ! पश्चिमेकडील वसतिगृहांपासून संगणकाच्या वर्गांच्या बत्तीस क्रमांकाच्या वेड्यावांकड्या इमारतीपर्यंत एक किलोमीटराहून अधिक चाल आहे, आणि जानेवारींत नदी गोठलेली असतां तिच्यावरून येणाऱ्या वाऱ्यांत ही चाल दिवसांतून दोन-चार वेळां करावी लागते. पुण्याच्या दिवाणखान्यांत तक्ता करतांना या वाऱ्यास एकही रकाना दिलेला नव्हता. खरेदी आमच्या बॉस्टनजवळच्या एका आप्तांनीं आधींच करून ठेविली होती. मॅसॅच्युसेट्स संस्थानांत विक्रीवर सव्वासहा टक्के कर आहे, परंतु २०१८ च्या कायद्यान्वयें दरवर्षीं ऑगस्टांत दोन दिवस अडीच हजार डॉलरांपर्यंतच्या वस्तूंवर तो माफ असतो. चौदाशें डॉलरांच्या यंत्रावर साडेसत्याऐंशी डॉलर वांचले. तेवढ्यांत हिंवाळ्याचे जाड बूट आले.

येथें गृहिणींसाठींही दोन शब्द. संगणकाची वीज भरण्याची वीट १०० पासून २४० व्होल्टांपर्यंत कोणतीही वीज घेते; नुसतें खुंटीचें जुळवणें घेतलें कीं झालें. परंतु अमेरिकेंतील घरगुती वीज १२० व्होल्टांची असल्यानें आपल्याकडचा मिक्सर तेथें निरुपयोगी. आमच्या वहिनींनीं तो बांधून ठेविला होता. मुलीनें तो शेवटच्या रात्रीं पेटींतून हळूच काढला. शिट्टीचा कुकर मात्र नेला, व तो तेथें किती उपयोगी पडला तें पुढें येईल.

आतां खऱ्या विषयाकडे वळूं. या संस्थेंत विद्यार्थ्यास वसतिगृह नेमून देत नाहींत. उन्हाळ्यांत प्रत्येकानें आपल्या पसंतीनें सर्व घरांची क्रमवार यादी करून पाठवावयाची असते. यादी करतां यावी म्हणून प्रत्येक घरांतील विद्यार्थी आपल्या घराचा एकेक छोटा चित्रपट तयार करतात. मग सोडत निघते. आणि तेथें पोंचल्यावर पहिल्या आठवड्यांत सर्व घरें आपलीं दारें उघडतात, नव्या मुलांस बोलावतात, खाऊ घालतात. हें सर्व पाहून ज्यास बदल हवा असेल त्यास एकदां अर्ज करतां येतो. मिळेलच असें नाहीं. आमचे आठ दिवस नेमके ते होते.

पूर्वीं नव्या मुलांस बाहेरच्या खासगी विद्यार्थिमंडळांच्या घरांतही राहतां येत असे. १९९७ सालीं अशा एका घरांत पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याचा अति मद्यपानानें मृत्यु झाला. घर सोडून त्यास महिना-दीड महिनाच झाला होता. त्या घटनेनंतर संस्थेनें ठरविलें कीं, पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलानें संस्थेच्याच वसतिगृहांत राहावें, आणि २००२ पासून तो नियम अमलांत आला. घरें निवडण्याच्या या उत्सवाकडे आम्ही थट्टेनें पाहत होतों. ही हकीकत कळल्यावर थट्टा जरा ओसरली.

घरांचे नमुने किती म्हणून सांगावे ! नदीकांठचें बेकर हाउस हें फिनलंडचे प्रख्यात स्थपति आल्व्हार आल्टो यांनीं बांधलें व १९४९ सालीं पुरें झालें. अधिकांत अधिक खोल्यांतून नदी तिरपी दिसावी म्हणून सारी इमारत नागमोडी केली आहे. त्यामुळें एकेका मजल्यावर खोल्यांचे वीसहून अधिक आकार झाले आहेत. भिंतींत भट्टींत जळून काळ्या पडलेल्या, वांकड्या झालेल्या विटाही मुद्दाम ठेविल्या आहेत. आपल्याकडच्या गवंड्यानें असें केलें असतें तर त्याची मजुरी कापली गेली असती, पण भिंत दिसते मात्र सुरेख. या घराच्या गच्चीवरून विद्यार्थी वर्षांतून एकदां एक नादुरुस्त पियानो खालीं टाकतात. झेपत नसलेला विषय सोडण्याच्या शेवटच्या तारखेस हा सोहळा होतो, १९७२ पासून.

त्याच्या पलीकडे सिमन्स हॉल आहे, स्थपति स्टीव्हन हॉल, २००२ सालचें. बाहेरून तें प्रचंड चाळणीसारखें दिसतें, कारण एकेका खोलीस दोन-दोन फुटांच्या नऊ खिडक्या आहेत व सगळ्या मिळून साडेपांच हजारांहून अधिक. भिंतींची जाडी अशी राखिली आहे कीं, उन्हाळ्याचें ऊन आंत येत नाहीं आणि हिंवाळ्याचें येतें. वाड्यांच्या जाड भिंतींत वाढलेल्या आम्हांस ही युक्ति ओळखीची वाटली. गांवाच्या हमरस्त्यावर रँडम हॉल नांवाचें शंभराहूनही कमी विद्यार्थ्यांचें जुनें घर आहे. तेथील मंडळींनीं फार वर्षांपूर्वींच आपलीं कपडे धुण्याचीं यंत्रें संगणकाशीं जोडून टाकिलीं, म्हणजे कोणतें यंत्र मोकळें आहे तें खोलींत बसून कळावें. याच घरांत १९९४ सालीं आणलेला एक दुधाचा डबा शीतकपाटांत जपून ठेवून त्याचा वाढदिवस करण्याची प्रथा पडली आहे. सोवळ्या-ओवळ्याचा विचार बाजूस ठेविला तरी हें आम्हांस पटलें नाहीं. पूर्वेकडच्या दोन समांतर इमारतींतले विद्यार्थी अंगणांत लांकडाची घसरगाडी स्वतः हिशेब करून उभारीत, अशी ख्याति आहे. परंतु त्या इमारती २०२३ पासून दुरुस्तीसाठीं बंद होत्या, आणि आम्हांस कुंपणाबाहेरूनच परतावें लागलें.

आमच्या मुलीस मिळालें होतें तें आजीच्या आज्ञेप्रमाणें यादींत पहिलें लिहिलेलें मॅककॉर्मिक हॉल. हें केवळ मुलींचें आहे. याचा इतिहास सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. येथील पहिली स्त्री-पदवीधर, एलेन स्वालो, १८७३ सालची. तरीही पुढें पाऊणशें वर्षें मुलींची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याजोगी राहिली, व तिचें एक कारण असें दिलें जाई कीं, मुलींस राहावयास जागा नाहीं. १९०४ सालीं येथूनच जीवशास्त्राची पदवी घेतलेल्या कॅथरिन मॅककॉर्मिक यांनीं हें कारण ऐकून वाद घातला नाहीं. वृद्धपणीं स्वतःच्या पैशानें जागाच बांधून दिली. १९६३ सालीं हें घर उघडलें आणि येथें शिकणाऱ्या मुलींची संख्या खरोखरच वाढूं लागली. संततिनियमनाच्या गोळीच्या संशोधनाचा खर्चही मुख्यतः याच बाईंनीं केला. खोली नुसती निजण्यापुरती, हें दादांचें मत आम्हीं येथें पहिल्यांदा मनांतून पुसून टाकिलें. खोली नव्हती म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मुली शिकल्या नाहींत.

घर उत्तम होतें. नदी समोर, खालीं भोजनगृह, त्यांत शाकाहारी पदार्थांवर स्पष्ट खुणा. आमच्या दृष्टीनें प्रश्न सुटला होता. परंतु तिसऱ्या दिवशीं मुलगी बर्टन-कॉनर नांवाच्या घरीं जाऊन आली, आणि चौथ्या दिवशीं आम्हांसही घेऊन गेली. या घरांत भोजनगृह नाहीं. कांहीं खोल्या मिळून एक बिऱ्हाड, आणि प्रत्येक बिऱ्हाडास एक स्वयंपाकघर. मजल्यावर मुलगे व मुली दोन्ही. कांहीं वसतिगृहांत मांजर पाळण्याचीही मुभा असते, हें आम्हीं पुण्यास कळविलें नाहीं.

आम्ही गेलों तेव्हां सायंकाळचे सात वाजले होते. त्या स्वयंपाकघराच्या मेजावर एका बाजूस कांदा चिरला जात होता, दुसऱ्या बाजूस दोन मुलें व एक मुलगी एका कागदावर वाद घालीत होतीं, आणि भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर कसलेंसें झाडासारखें चित्र काढून त्याच्या फांद्या पुसणें व पुन्हां काढणें चाललें होतें. आम्हीं चौकशी केली. अभ्यासाचे प्रश्न येथें दर आठवड्यास मिळतात, आणि ते एकट्यानें सुटण्याजोगे क्वचित् असतात. पुष्कळ वर्गांत एकमेकांशीं चर्चा करण्याची उघड परवानगी आहे. उत्तर मात्र ज्याचें त्यानें स्वतः लिहावें व कोणाशीं चर्चा केली त्यांचीं नांवें वर द्यावीं, असा दंडक. पहिल्या सहामाहींत नापास झाल्यास त्याची नोंद रहात नाहीं आणि पास झाल्यास गुण दिसत नाहींत. हेतु हा कीं, मुलांनीं गुणांसाठीं झगडण्याऐवजीं एकमेकांबरोबर बसावयास शिकावें. वर्ग दिवसा भरतो. तो समजतो बहुधा रात्रीं अकरा वाजतां, कोणाच्या तरी मेजापाशीं. मेज कोणाचें, एवढें ज्याचें त्यानें निवडावयाचें.

मॅककॉर्मिकमध्येंही अशीं मेजें आहेत, आणि मुलीचा आग्रह नसता तर आम्ही तेथेंच समाधान मानलें असतें. शाकाहारी ताट, नदीचा देखावा आणि मातोश्रींचा शब्द असे तीनही गुण आमच्या पक्षास होते. मुलगी म्हणाली, “काका, तिथें मला कोणीतरी वाढतं. इथें मला कोणाला तरी वाढावं लागेल. घरीं आपण असेच नाहीं का राहत?” यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें, पण परवानगी देण्याचा अधिकारही नव्हता. रात्रीं पुण्यास सकाळ झाल्यावर दूरध्वनि लाविला. दादा ‘मुलगे’ या शब्दापाशींच अडले. मातोश्रींनीं दूरध्वनि आपल्या हातीं घेतला.

“स्वयंपाकघर कोणाचें?”

“सगळ्यांचं, आजी.”

“म्हणजे कोणाचेंच नाहीं. मांसमच्छी शिजते?”

“शिजते. पण माझी कढई आणि कुकर निराळा ठेवीन.”

“खोलीला आंतून कडी आहे?”

“आहे. खोली माझी एकटीची असेल.”

“आणि तुला ताप आला तर भात कोण टाकील?”

मुलगी क्षणभर थांबली. त्या बिऱ्हाडांतील एका कोरियन मुलीनें त्याच सायंकाळीं तिला तांदुळाची पेज कशी करतात तें दाखविलें होतें. आजारीपणांत त्यांच्याकडेही तीच देतात. तिनें तें सांगितलें. पलीकडे बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग मातोश्री दादांस म्हणाल्या, तें आम्हांस स्पष्ट ऐकूं आलें, “पेज करतात रे त्या.” अर्ज त्याच रात्रीं गेला.

उत्तर येण्यास दोन दिवस लागले, आणि ते दोन दिवस आम्हीं नदीकांठीं फेऱ्या घालून काढले. शेवटीं जागा मिळाली. सामान हलविण्यास बिऱ्हाडांतील चौघे जण आले. खोली पाहिली : एक पलंग, एक मेज, एक खुर्ची, एक कपाट. देवाच्या तसबिरीपुढें लावावयास वहिनींनीं निरांजन, वाती व उदबत्त्या दिल्या होत्या. या सर्व इमारतींत आगीच्या भयानें मेणबत्ती, उदबत्ती, उघडी ज्योत कांहींच लावूं देत नाहींत. छताला धूर ओळखणारें यंत्र असतें आणि तें वाजलें कीं अख्खी इमारत थंडींत बाहेर उभी राहते. निरांजन तसबिरीपुढें तसेंच ठेविलें. आम्ही परतल्यावर मातोश्रींनीं स्वतः तुळशीबागेंत जाऊन विजेवर चालणारी एक लहानशी समई आणिली. ज्या गणपतींत अशा समईस त्यांनीं घरांत पाऊल टाकूं दिलें नव्हतें !

ती समई बॅटरीवर चालते, म्हणून व्होल्टांचा प्रश्न आला नाहीं. संगणकाविषयीं मुलगी आतां कधीं बोलत नाहीं. तो चालतो एवढेंच दादांस कळतें, आणि तक्ता अजून भिंतीवर आहे. रविवारीं सकाळीं दूरध्वनि येतो तो बहुधा स्वयंपाकघरांतूनच. मागच्या खेपेस पाठीमागें कोणीतरी कुकरच्या शिट्ट्या इंग्रजींत मोजीत होतें, आणि मातोश्री इकडून ओरडत होत्या कीं, तिसरीला बंद करा, चौथी नको.